जोड-आकृत्यांची परिमिती आणि क्षेत्रफळ: आधी कडेने फिरा, मग कापा

आयत, चौरस, त्रिकोण सुटे दिले की पाचवी ते आठवीच्या मुलांना सूत्रं बिनचूक आठवतात. तेच दोन आयत एकमेकांना चिकटवून ‘एल’ अक्षरासारखी आकृती दिली की गाडी अडते. गंमत अशी, की क्षेत्रफळ पुष्कळदा बरोबर येतं आणि सोपी वाटणारी परिमिती चुकते. आकृती कापून तुकडे करायची युक्ती क्षेत्रफळाला चालते, परिमितीला चालत नाही, आणि मुलं ती दोन्हींना लावतात.

चवथीला गणपतीवर बांधायची माटोळी, म्हणजे फळा-पानांनी सजवायची लाकडी चौकट, डोळ्यांपुढे आणा. समजा चौकट २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, आणि आत १.२ मीटरच्या तीन पट्ट्या. सुताराला लाकूड लागेल १०.८ मीटर, पण चौकटीची परिमिती ७.२ मीटरच. मधल्या पट्ट्या लाकूड खातात, परिमितीत मात्र येत नाहीत. आकृती कापताना आपण काढलेली रेषा ही अशीच मधली पट्टी असते.

तयारी

चौकटीची वही, पट्टी, गुण्या, दोन रंगांच्या पेन्सिली आणि हातभर दोरा एवढं पुरे. प्रत्येक गणितासाठी आकृती दोनदा काढायची, एक परिमितीसाठी आणि एक क्षेत्रफळासाठी. मुलं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. पण पुस्तकातल्या छापील आकृतीवरच रेघोट्या मारल्या की कापायची रेषा आणि खरी बाजू यांत फरक राहत नाही. निम्म्या चुकांचं मूळ तिथेच असतं.

शब्दांचाही घोळ असतो. गोव्यात पुष्कळ मुलं प्राथमिक शाळा मराठीतून आणि पाचवीपासूनचं गणित इंग्रजीतून शिकतात. शाळेत एरिया आणि पेरिमीटर, घरी ‘जागा किती’ आणि ‘भोवती किती’. हे चारही शब्द एकदा वहीच्या पहिल्या पानावर समोरासमोर लिहून घ्या. परिमिती ही कोणत्याही आकृतीची, परीघ हा शब्द मात्र वर्तुळासाठीच राखून ठेवा.

१. प्रश्न काय मागतो ते ठरवा

आकृतीकडे बघण्याआधी वाक्य वाचा. कुंपण, चिऱ्यांचा गडगा, झालर, लायटींची माळ, चौकटीचं लाकूड हे आलं की परिमिती. फरशी, सारवण, रंग, पत्रा, कापड, लागवड आली की क्षेत्रफळ. पण शब्द पाठ करून भागत नाही. ‘अंगणाच्या कडेने रंगाची रेघ मारायची आहे’ यात रंग असला तरी मागितली आहे परिमिती. कामाला लागणारी वस्तू मीटरवर मोजतात की चौरस मीटरवर, हे विचारलं की शंका मिटते.

सावधान: कुंपणाच्या गणितात फाटक असेल तर परिमितीतून फाटकाची रुंदी वजा करायची असते. ती ओळ बहुतेक वेळा प्रश्नाच्या अगदी शेवटी असते.

२. सगळी मापं एका एककात आणा

एक बाजू ३ मीटर, दुसरी २५० सेंटीमीटर असेल, तर गुणाकार करण्याआधी २५० सेमीचे २.५ मीटर करा. क्षेत्रफळ ७.५ चौ. मी. येईल. तसं न केल्यास ७५० येतं, आणि त्याला कोणतंच एकक लागत नाही.

इथे एक मोठी चूक दबा धरून असते. १ मीटर म्हणजे १०० सेमी, म्हणून १ चौ. मी. म्हणजे १०० चौ. सेमी असं मुलं लिहितात. १ चौ. मी. म्हणजे १०० × १०० = १०,००० चौ. सेमी. घरात जमिनीचा एक-चौदाचा उतारा असेल तर तो दाखवा, त्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे रकाने असतात. १ आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, म्हणजे १०० चौ. मी.; १ हेक्टर म्हणजे १०० मीटर बाजूचा चौरस, म्हणजे १०,००० चौ. मी. बाजू दहापट झाली की क्षेत्रफळ शंभरपट होतं, हे या दोन ओळींत दिसतं.

३. न दिलेल्या बाजू भरा

पुढची सगळी उदाहरणं समजायला ही एक आकृती वहीत काढून घ्या. घर आणि त्याच्या एका बाजूला पुढे आलेला सोपा (ओसरी), असा तळाचा नकाशा समजा. खालच्या डाव्या कोपऱ्याला ‘अ’ म्हणा. तिथून उजवीकडे १२ मीटर जा, तो ‘ब’. ‘ब’पासून वर ४ मीटर, तो ‘क’. ‘क’पासून डावीकडे वळा, तो ‘ड’. ‘ड’पासून पुन्हा वर, तो ‘इ’. ‘इ’पासून डावीकडे ७ मीटर, तो ‘फ’. ‘फ’पासून सरळ खाली १० मीटर, परत ‘अ’.

पुस्तकात १२, ४, ७ आणि १० एवढेच आकडे छापलेले असतात. कड आणि डइ कोरे असतात. मुलं त्यांचा अंदाज डोळ्याने बांधतात किंवा त्यांना सोडूनच देतात.

नियम असा, की आडव्या बाजू आडव्यांशी जुळवायच्या, उभ्या उभ्यांशी. खालची आडवी १२, वरच्या दोन आडव्या मिळून तेवढ्याच व्हायला हव्यात. इफ ७ आहे, म्हणून कड = १२ − ७ = ५ मीटर. डावी उभी १०, उजवीकडच्या दोन उभ्या मिळून १०. बक ४ आहे, म्हणून डइ = १० − ४ = ६ मीटर.

कच्च्या मुलांसाठी एक सोय करा: आडव्या बाजू निळ्या पेन्सिलीने आणि उभ्या लाल पेन्सिलीने गिरवायला लावा. वजाबाकी नेहमी एकाच रंगात करायची. १२ मधून ४ वजा करणारं मूल हा रंग पाहिल्यावर स्वतःच थांबतं.

तपासा: या आकृतीला सहा कोपरे आहेत, म्हणून बाजू सहा, आणि सहाही बाजूंवर आकडा हवा. एकही कोरी दिसली तर पुढे जाऊ नका.

४. परिमिती आधी काढा, कापण्याच्या आधी

बहुतेक शिकवण्यांत क्षेत्रफळ आधी येतं. आम्ही उलट क्रम सांगतो. आकृतीवर अजून एकही जास्तीची रेषा नसते, तेव्हाच परिमिती काढून मोकळं व्हावं.

‘अ’वर ठळक ठिपका द्या. पेन्सिलीचं टोक तिथे ठेवून कडेने एक प्रदक्षिणा घाला. प्रत्येक बाजू संपली की तिच्यावर बारीक खूण आणि वहीत आकडा. ठिपक्यावर परत आलात की थांबा.

१२ + ४ + ५ + ६ + ७ + १० = ४४ मीटर.

बेरजेत सहा आकडे आहेत, कोपरेही सहा. ठीक.

चलाख मुलांच्या लक्षात येतं की १२ आणि १० बाजूंच्या अख्ख्या आयताची परिमितीही २ × (१२ + १०) = ४४ मीटरच भरते. कोपरा कापला तरी परिमिती घटली नाही, कारण कडचे ५ वर सरकवले आणि डइचे ६ उजवीकडे सरकवले की आयत पुरा होतो. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आकृतीलाही हे लागू पडतं.

सावधान: ही युक्ती सगळीकडे चालवू नका. आता १० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच आयत घ्या, आणि त्याच्या वरच्या बाजूच्या मधोमध ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल खाच पाडा. बाहेरच्या आयताची परिमिती ३६ मीटर आहे, पण खाचेच्या दोन उभ्या भिंती जास्तीच्या आल्या. खरी परिमिती ३६ + ३ + ३ = ४२ मीटर. क्षेत्रफळ कमी झालं, ८० चं ६८ चौ. मी.; परिमिती मात्र वाढली. ‘जागा घटली की भोवतीचं मापही घटतं’ हा समज मोडायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. दोरा हातात देऊन मोजायला लावा, मुलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानत नाहीत.

५. आता दुसऱ्या आकृतीवर कापा

क्षेत्रफळासाठी नवी आकृती घ्या आणि कापायची रेषा तुटक काढा, कधीही सलग नाही. ती बाजू नव्हे हे डोळ्याला सतत दिसत राहायला हवं.

आपल्या आकृतीत ‘ड’ हा आत वळलेला कोपरा आहे. कापायची रेषा अशाच कोपऱ्यातून सुरू करा, म्हणजे तुकडे आपोआप आयत होतात.

‘ड’पासून सरळ खाली कापलं, तर डावा तुकडा ७ × १० = ७० आणि उजवा ५ × ४ = २०. एकूण ९० चौ. मी.

‘ड’पासून डावीकडे आडवं कापलं, तर खालचा तुकडा १२ × ४ = ४८ आणि वरचा ७ × ६ = ४२. एकूण ९० चौ. मी.

दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं पाहिजे. नाही आलं, तर बहुधा तुकड्याची बाजू चुकीची घेतली गेली आहे. सर्वात जास्त दिसणारी चूक अशी: १२ × ४ आणि ७ × १० हे दोन गुणाकार करून ११८. छापलेले चारही आकडे वापरले, म्हणून मुलाला ते बरोबर वाटतं. पण खालच्या डाव्या बाजूचा ७ × ४ = २८ चा भाग दोन्ही तुकड्यांत मोजला गेला आहे. ११८ − २८ = ९०.

म्हणून कापून झाल्यावर प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेच्या रेघांनी भरायला सांगा. एकाच जागी दोन्ही रेघा आल्या तर जागा दोनदा मोजली, आणि कोरी राहिली तर सुटली.

फरशीचं उपप्रश्न म्हणून येणारं गणितही इथेच उरकू. ६० सेमी बाजूची एक चौरस लादी ०.६ × ०.६ = ०.३६ चौ. मी. ची. ९० ÷ ०.३६ = २५० लाद्या. परीक्षेत उत्तर २५०. प्रत्यक्षात ७ मीटरमध्ये ६० सेमीच्या लाद्या पुऱ्या बसत नाहीत, कडेच्या कापाव्या लागतात, म्हणून गवंडी जास्त मागवतो. तो हिशेब वेगळा.

६. वजाबाकीची वाट

आतला भाग रिकामा असेल तर कापण्यापेक्षा वजाबाकी सुटसुटीत. वरचंच घर १२ × १० − ५ × ६ = १२० − ३० = ९० असंही होतं.

जुन्या गोमंतकीय घरातलं राजांगण हे याचं नेमकं उदाहरण. बाहेरून १५ मीटर × १२ मीटरचं घर, मधे ५ मीटर × ४ मीटरचं उघडं राजांगण. छपराखालची जागा १८० − २० = १६० चौ. मी. परिमिती किती? इथे प्रश्न पुन्हा वाचायचा. घराभोवती गडगा घालायचा असेल तर बाहेरची कड मोजली की झालं, ५४ मीटर. छपराखालच्या जागेला आतून-बाहेरून सगळीकडे पट्टी बसवायची असेल तर राजांगणाची कडही धरायची, ५४ + १८ = ७२ मीटर.

वाटेचं गणित मात्र हमखास चुकतं. २० × १४ मीटरच्या बागेला बाहेरून १.५ मीटर रुंद वाट आहे, वाटेचं क्षेत्रफळ काढा. मुलं बाहेरची लांबी २१.५ घेतात. वाट दोन्ही टोकांना असते, म्हणून रुंदी दोनदा मिळवायची: २० + ३ = २३ आणि १४ + ३ = १७. बाहेरचा आयत ३९१, आतली बाग २८०, वाट १११ चौ. मी.

पडताळा पट्ट्यांनी घ्या. लांब पट्ट्या दोन, २० × १.५ × २ = ६०. आखूड पट्ट्या दोन, १४ × १.५ × २ = ४२. बेरीज १०२. नऊ कमी का पडले? चार कोपऱ्यांचे चौरस राहिले, १.५ × १.५ × ४ = ९. कोपरे विसरणं आणि रुंदी एकदाच मिळवणं या दोन चुका या एका पडताळ्यात सापडतात.

बागेच्या मधून जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन वाटा असल्या की उलटं होतं. ४० × ३० मीटरच्या बागेत ३ मीटर रुंद दोन वाटा: १२० + ९० − ९ = २०१ चौ. मी. चौकातला चौरस दोनदा आला, तो एकदा काढून टाकला.

७. तिरप्या बाजू

कौलारू घराची समोरची भिंत घ्या. खाली ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच आयत आणि त्यावर ३ मीटर उंचीचा त्रिकोण, त्याच्या दोन तिरप्या बाजू प्रत्येकी ५ मीटर.

क्षेत्रफळ: ८ × ४ = ३२, त्रिकोण ½ × ८ × ३ = १२, एकूण ४४ चौ. मी.
परिमिती: ८ + ४ + ५ + ५ + ४ = २६ मीटर.

३ हा आकडा फक्त क्षेत्रफळात येतो, ५ हा फक्त परिमितीत. उंची पायाशी काटकोनात असते, गुण्या ठेवून दाखवा. भिंतीवर चढायची तिरपी वाट म्हणजे उंची नव्हे. ५ ला उंची धरलं की क्षेत्रफळ ५२ येतं, आणि ३ परिमितीत घुसवला की २९. त्रिकोणाचा पाया ८ मीटर, आयताची वरची बाजूही ८ मीटर; दोन्ही एकच रेषा आणि ती आत आहे. मधली पट्टी. परिमितीत नको.

तिरपी बाजू दिलेली नसेल तर पायथागोरस: निम्मा पाया ४, उंची ३, १६ + ९ = २५, म्हणून ५. निम्मा पाया घ्यायचा असतो, अख्खा ८ नव्हे.

चारही बाजू वेड्यावाकड्या असलेल्या भाटाचं (माडांच्या बागेचं) क्षेत्रफळ ‘समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणा’ या पद्धतीने काढणारी मोठी माणसंही आहेत. आयत नसेल तर त्या हिशेबाने जागा जास्तच भरते. बरोबर रीत अशी: एक कर्ण काढा, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्यावर लंब टाका. कर्ण ३० मीटर, लंब १२ आणि ८ मीटर असतील तर ½ × ३० × (१२ + ८) = ३०० चौ. मी.

८. कमानी आणि अर्धवर्तुळं

वरून कमान असलेली खिडकी. आयताची रुंदी १४० सेमी, उंची १८० सेमी, वर अर्धवर्तुळ. ‘पाय’ची किंमत २२/७ घेऊ.

आधी व्यासाची त्रिज्या करा: १४० ÷ २ = ७०. ही पायरी तोंडी करू नका, लिहा. १४० च त्रिज्या म्हणून वापरली तर कमानीचं क्षेत्रफळ चौपट होतं.

क्षेत्रफळ: १४० × १८० = २५,२००. अर्धवर्तुळ ½ × २२/७ × ७० × ७० = ७,७००. एकूण ३२,९०० चौ. सेमी, म्हणजे ३.२९ चौ. मी.

परिमिती: खालची बाजू १४०, दोन उभ्या १८० + १८०, कमान २२/७ × ७० = २२०. एकूण ७२० सेमी.

८६० आलं असेल तर अर्धवर्तुळाचा व्यास मिळवला आहे. सुट्या अर्धवर्तुळाच्या परिमितीत व्यास येतो, आयताला चिकटल्यावर तो आत जातो. ९४० आलं असेल तर कमानीसाठी अख्ख्या वर्तुळाचा परीघ, ४४०, घेतला आहे.

तपासा: खरी खिडकी मोजत असाल तर कमानीची उंची रुंदीच्या निम्मी आहे का बघा. पुष्कळ कमानी चपट्या असतात, त्यांना हे सूत्र लागत नाही.

तळ्यासारखी आकारहीन आकृती आलेख कागदावर सोडवायची. पूर्ण चौकटी मोजा, अर्ध्याहून जास्त व्यापलेली चौकट एक धरा, बरोबर अर्धी असेल तर अर्धी, त्याहून कमी सोडून द्या. उत्तर अंदाजे येतं, तसंच लिहा. पण परिमितीसाठी कडेच्या चौकटी मोजू नका. १ सेमी चौकटीचा कर्ण सुमारे १.४ सेमी असतो. कडेवर दोरा बसवा, उचला, पट्टीवर सरळ करा.

९. उत्तरावरून चूक ओळखा

पहिल्या आकृतीची बरोबर उत्तरं ४४ मीटर आणि ९० चौ. मी. मुलाच्या वहीत दुसरं काही दिसलं तर नुसती फुली मारू नका, आकडाच चूक सांगतो.

परिमिती ३३: छापलेल्याच चार बाजू मिळवल्या. पायरी ३ पुन्हा.

५२ किंवा ५८: तुकड्यांच्या परिमिती मिळवल्या. उभं कापून ३४ + १८ = ५२, आडवं कापून ३२ + २६ = ५८. कापायची रेषा दोन्ही तुकड्यांत आल्यामुळे दोनदा मोजली गेली.

४८ किंवा ५१: मधली रेषा वजा करायची हे कळलं, पण एकदाच केली. ५२ मधून ४ दोनदा वजा केले की ४४, ५८ मधून ७ दोनदा वजा केले तरी ४४.

क्षेत्रफळ ११८: खालच्या डाव्या कोपऱ्याची जागा दोनदा.

१२०: अख्खा आयत मोजला, कापलेला कोपरा वजा करायचा राहिला.

३,३६०: चारही आकडे एकमेकांशी गुणले. या मुलाला जोड-आकृती आज देऊ नका. चौकटीच्या वहीत ३ × ५ चा आयत काढून आतल्या चौकटी बोटाने मोजायला लावा.